माणसं किती?

शांतिनाथ मगदुमांना रिटायर झाल्यावर एकच गोष्ट करायची होती. बायकोबरोबर जेवायचं होतं. हसू नका. कुणी म्हणतं शिखरजीच्या यात्रेला जाऊन येतो, कुणी म्हणतं गावाकडं बंगला बांधतो. या माणसानं संध्याकाळचं जेवण मागितलं होतं, तेही घरच्याच बाईच्या हातचं, आणि तेवढंसुद्धा त्याला मिळालं नाही.

कारण साधं होतं. घर जैनांचं आणि चंदनबालाबाई धर्माला कडक. दिवस मावळला की त्यांच्या तोंडात अन्नाचा कण जायचा नाही. शांतिनाथ कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर टर्नर. पहिली पाळी असली तरी ओव्हरटाइम करून घरी पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असायची, आणि दुसरी पाळी असली तर विचारायलाच नको. त्यामुळं बाई उजेडात एकट्या जेवायच्या आणि शांतिनाथ अंधार पडल्यावर एकटे जेवायचे. बाई समोर बसून वाढायच्या, पण वाढणं वेगळं आणि सोबत जेवणं वेगळं. लेक ब्राह्मी लहानाची मोठी झाली, शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली, आणि सगळा संसार असा दोन पंगतींत झाला.

"रिटायर होऊ दे, मग बघ," शांतिनाथ म्हणायचे. "रोज पाचाला पाट मांडतो. तू आन मी, समोरासमोर."

"पाचाला तुमाला भूक लागंल व्हय?"

"लागंल. न्हाई लागली तर लावीन."

बाई पदरात हसायच्या. हे संभाषण इतक्या वेळा झालं होतं की मधलं एखादं वाक्य कुणी गाळलं असतं तरी चाललं असतं.

शांतिनाथांचा स्वभाव त्यांच्या धंद्यानं घडवलेला होता. लेथवर कातून उतरलेला तुकडा, म्हणजे जॉब, मापाला लावायचा. बसला तर पास, नाही तर भंगारात. "जवळजवळ बसतोय" असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "जवळजवळ म्हंजे काय रं? बसला म्हन, न्हाईतर टाकून दे." आयुष्यभर मापानं त्यांना कधी फसवलं नाही. म्हणून माप दाखवेल ते खरं, यावर त्यांचा देवाइतका विश्वास होता. इतका विश्वास कशावरच ठेवू नये, असं आता मला वाटतं, पण आता वाटून काय उपयोग.

कारखान्यात त्या वर्षी सात-आठ जण रिटायरमेंटला आले होते. मालक भला माणूस. त्यानं सांगलीच्या विश्रामबागेतला एक तरुण सल्लागार बोलावला, प्रांजल नावाचा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, बोलायला गोड. चैत्रातल्या एका दुपारी कँटीनच्या भिंतीवर त्यानं लॅपटॉपमधलं चित्र पाडलं आणि म्हणाला, "काका, रिटायरमेंटला आपण तयार आहोत की नाही, हे आज आपण मोजून बघायचं."

मोजून म्हटल्यावर शांतिनाथ पुढच्या बाकावर जाऊन बसले.

भिंतीवर रकाने होते. वय किती, फंड किती मिळणार, पेन्शन किती, महिन्याला खर्च किती, घरात माणसं किती. सगळे आकडे भरले की खाली उत्तर यायचं. पैसा पुरणार असला तर हिरवं, नसला तर तांबडं, आणि तांबड्यात कितव्या वर्षी पैसा संपणार तेही लिहून यायचं. पहिला नंबर नाथाजीचा लागला. नाथाजी साताऱ्याकडचा, कोरेगावचा. गावी थोडी जमीन, भाऊ फौजेतून पेन्शनवर आलेला. त्याचं हिरवं आलं. "मी कोरेगावला जाऊन घेवडा लावनार आन झोपा काढनार," असं त्यानं तिथल्या तिथं जाहीर केलं.

मग शांतिनाथ. त्यांनी आपले आकडे चोख सांगितले. फंड बरा होता, पण ब्राह्मीच्या लग्नाला आणि कुपवाडच्या दोन खोल्यांना त्यातला बराच आधीच उचललेला. पेन्शन म्हणावी तर दुधाचं आणि लाइटचं बिल भागेल एवढी. माणसं किती, याला त्यांनी "दोन" सांगितलं. प्रांजलनं बटण दाबलं आणि तांबडं आलं. वयाच्या बहात्तराव्या वर्षी पैसा संपत होता.

कँटीनभर माना वळल्या. शांतिनाथांनी आयुष्यात एवढा मोठा जॉब रिजेक्ट झालेला पाहिला नव्हता.

"काका, घाबरू नका. आपण नियोजन करू," प्रांजल म्हणाला.

तेवढ्यात नाथाजीला चेव आला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, नुसतं वातावरण हलकं करायचं होतं. "आवं साहेब, वैनींना वगळा आन बगा काय हुतंय!"

सगळे हसले. प्रांजलही हसला, आणि गंमत म्हणून त्यानं दोनाचं एक केलं. भिंत हिरवीगार झाली. शांतिनाथ मगदूम एकटे असते तर नव्वदीपर्यंत त्यांना कशाची ददात पडणार नव्हती.

ही गंमत कँटीनमध्येच सोडायला हवी होती. पण माणूस घरी काय नेतो? दिवसभरात हसायला आलं असेल ते नेतो. रात्री जेवताना शांतिनाथांनी सगळं रंगवून सांगितलं. मनातून ते धास्तावले होते, आणि धास्ती लपवायला चेष्टेइतकं सोयीचं काही नसतं.

"दोघांचं बहात्तरला संपतंय बघ. आन एकाचं नव्वदपत्तूर भागतंय. तू नसतीस तर मी राजा असतो, राजा!"

"मग जाते की मी आदी. त्यात काय."

"जा की. पर भाकरी करून ठिवून जा."

दोघं पोट धरून हसली. बाईंनी आणखी एक भाकरी वाढली. शांतिनाथांना ती भाकरी, ती चटणी, तिचं ते "जाते की मी आदी" सगळं पुढं मरेपर्यंत आठवणार होतं. त्या रात्री मात्र ते हात धुऊन गाढ झोपले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हिशेब मापात बसवायला सुरुवात केली. प्रांजल म्हणाला होता, जमा वाढवा नाही तर खर्च कमी करा. जमा वाढवणं हे पुरुषाचं काम असं समजून त्यांनी ओव्हरटाइम दुप्पट मागून घेतला. पूर्वी निदान सुटीच्या सकाळी घरी असायचे, आता सुटीलाही दिवसभर लेथवर. दोघांना नव्वदीपर्यंत पोचवायचं होतं ना. त्यासाठी ते तिच्यापासून आणखी दूर राहिले, आणि ती दिवसाउजेडी काय जेवते, किती जेवते, जेवते तरी का, हे बघायला घरात कुणी उरलं नाही.

खर्च कमी करण्याचं काम बाईंनी घेतलं. महिन्याचं वाणसामान कमी यायला लागलं. दूध अर्धं झालं. आषाढ संपता संपता शांतिनाथांच्या लक्षात आलं की घरखर्च कल्पनेपेक्षा जास्त खाली आलाय. त्यांनी बायकोची पाठ थोपटली. "आगं, असंच चाललं तर आपलं मापात बसतंय बघ!" कारखान्यात नाथाजीलाही सांगितलं, "बाई लय हुशार हाय माजी. एका मानसाचा खर्च कुटं गेला ते मलाबी कळंना."

एका माणसाचा खर्च कुठं गेला होता, ते सांगतो. चंदनबालाबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ज्येष्ठात भाकरी अडकायला लागली, आषाढात भातही. कुणाला न सांगता त्या एकदा बसनं मिरजेला जाऊन आल्या. मिरजेला दवाखाने म्हणजे गल्लीगणिक. कुठून कुठून कर्नाटकातली माणसं तिथं उपचाराला येतात. कुपवाडच्या बाईला काय, अर्ध्या तासाची वाट. डॉक्टरनं तपासलं आणि घशातून दुर्बीण घालून बघावं लागेल म्हणून सांगितलं. बाहेर बाकावर एक म्हातारा बसला होता, त्याच्या भावाला असलंच काही झालेलं. बाईंनी त्याला विचारलं, काय खर्च येतो. तो म्हणाला, "दीड एकर गेली, बाई. आन भाऊबी गेला."

झालं. काउंटरवर बाई चौकशी करू शकत होत्या. लेकीला फोन करू शकत होत्या. त्यांनी विचारलं बाकावरच्या म्हाताऱ्याला, त्याचंच खरं धरलं, आणि परतीच्या बसमध्ये बसल्या. नवऱ्यापाशी दीड एकर नव्हती. फंड होता, आणि तो दोघांना पुरणार नाही हे भिंतीवर तांबड्या अक्षरात लिहून आलेलं होतं.

मग भाद्रपद आला. दशलक्षण पर्वात जैनांच्या घरोघरी उपवास चालू होतात. कुणी एक वेळ जेवतं, कुणी दोन-चार दिवस धरतं, आणि ज्याची ताकद असेल तो दहाही दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढतो. चंदनबालाबाईंनी दहा उपवास धरले. शांतिनाथांची छाती फुगली. त्यांच्या घराण्यात आजवर दहा उपवास कुणी केले नव्हते. ब्राह्मीनं पुण्याहून फोन केला, "आई, वय काय तुझं! दोन कर नि सोड." बाई म्हणाल्या, "मला भूकच न्हाई गं. मला सोपं जातंय." ते अक्षरशः खरं होतं, आणि ते कुणालाही कळलं नाही. आजारी माणूस जेवेनासा झाला की घर हवालदिल होतं. पण व्रतस्थ बाई जेवेनाशी झाली तर लोक तिच्या पाया पडतात. चंदनबालाबाईंना लपायला दुसरी जागा शोधायची गरजच पडली नाही.

बस्तीत, म्हणजे तिकडच्या भाषेत जैन मंदिरात, बायका त्यांच्याभोवती गोळा व्हायच्या. गालफडं बसली होती, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. बायका म्हणायच्या, "काय तेज आलंय तोंडावर!" शांतिनाथांनाही ते तेज दिसलं. लेथवरचा जॉब केसभर कमी भरला तर डोळ्यानं ओळखणारा हा माणूस, अर्धी झालेली बायको त्याला दिसली नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी स्वतःला जेवढा दिला, त्यात माझी भर कशाला.

पारण्याच्या दिवशी समाजानं बाईंचा सत्कार केला. हार, नारळ, साडी. पहिला घास घरधन्यानं द्यायचा म्हणून शांतिनाथांनी चमच्यात मुगाचं कढण घेतलं. सगळ्यांसमोर त्यांनी चमचा पुढं केला. किती वर्षांनी ते दोघं भर उजेडात एका ताटाशी बसले होते. बाईंनी कढण तोंडात घेतलं, त्यांच्याकडं बघितलं, बराच वेळ नुसतंच तोंडात धरून ठेवलं. मग पदर लावून उठल्या आणि मागच्या बाजूला जाऊन ओकल्या. "दहा दिसांची सवय न्हाई पोटाला," बायका म्हणाल्या. "हुतंय असं." शांतिनाथांनी त्या दिवसाचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला.

दिवाळीत ब्राह्मी माहेरी आली आणि दारातच थांबली. तिला कोणतंही तेज दिसलं नाही. तिनं आईचं काही ऐकून न घेता रिक्षा बोलावली आणि मिरज गाठली. दुर्बीण घातली, फोटो काढले, तुकडा तपासायला पाठवला. अन्ननलिकेचा कॅन्सर होता आणि तो आतल्या आत बराच पसरला होता. डॉक्टर ब्राह्मीशी हळू आवाजात बोलत होते. शांतिनाथ बाजूला उभे होते, आणि त्यांना एकच वाक्य नीट ऐकू आलं. "चार-सहा महिने आधी आणलं असतं तर."

दवाखान्यातल्या योजनांच्या खिडकीत एक मुलगी बसलेली होती. तिनं रेशनकार्ड बघितलं आणि म्हणाली, "अहो, हे तर सरकारी योजनेत बसतंय. ऑपरेशन, औषधं, सगळंच बसलं असतं. लवकर यायचं ना काका." तिचा काही दोष नव्हता. ती रोज कुणाला ना कुणाला हे सांगत असणार. शांतिनाथ त्या खिडकीला धरून उभे राहिले, मागची रांग ओरडायला लागली तरी त्यांना हलता येईना.

त्या संध्याकाळी वॉर्डात त्यांनी बायकोला विचारलं. ब्राह्मी औषधं आणायला खाली गेली होती.

"मला का न्हाई सांगितलंस?"

बाईंचा आवाज बारीक झाला होता, पण डोळ्यांतली चेष्टा तशीच होती. "तुमीच म्हनला न्हवता का. एकाचं नव्वदपत्तूर भागतंय."

"आगं, ती चेष्टा हुती!"

"तांबडं आलेलं चेष्टा हुती व्हय?"

बाईंनी शांतिनाथांचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. "आवं, मला काय ठावं ह्ये एवडं मोटं असंल. वाटलं, आपसूक जाईल. न्हाई गेलं तर न्हाई. तुमी म्हातारपनी कुनाच्या दारात हुबं राहिलेलं मला बगवलं नसतं. पोरीच्याबी न्हाई."

"आन मी एकट्यानं काय करू नव्वदपत्तूर?"

ह्याचा विचार बाईंनी केला नव्हता. खरंच केला नव्हता. त्या मुसमुसून रडायला लागल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. शांतिनाथही रडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

संक्रांतीच्या आधीच त्या गेल्या. घरी आणलं होतं. ब्राह्मी कानाशी णमोकार मंत्र म्हणत होती आणि शांतिनाथ पाय धरून बसले होते. उन्हं कलायला लागली होती, जेवणाची वेळ होती. फंडाला हात लावावा लागला नाही. तेवढं बाईंनी बघितलं होतं.

त्यानंतर शांतिनाथांनी ओव्हरटाइम बंद केला. पहिल्या पाळीतून सुटले की थेट घरी. पाचाला पाट मांडायचे, समोर दुसरा मांडायचे, खानावळीच्या डब्यातलं काढून घ्यायचे आणि उजेडात जेवायचे. जेवायचे म्हणजे घास फिरवत बसायचे. ब्राह्मी म्हणाली, "अण्णा, पुण्याला चला." ते म्हणाले, "रिटायर तर हू दे." अण्णांनी पोरीच्याही दारात उभं राहू नये म्हणून आईनं काय केलं ते त्यांनीच तिला सांगितलं होतं, त्यामुळं तिनं जास्त ताणलं नाही.

उन्हाळा आला. रिटायरमेंटचा महिना जवळ आला तशी मालकानं पुन्हा प्रांजलला बोलावलं. या वेळी भिंतीवर चित्र नव्हतं. एकेकाला कँटीनच्या टेबलाशी बसवून तो पक्के आकडे भरून घेत होता. मधल्या काळात काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शांतिनाथ समोर बसले. नाथाजी त्यांच्या मागं उभा राहिला. वैनी गेल्यापासून त्यानं चेष्टा करणं सोडलंच होतं.

"काका, जमा तर वाढलीय की! ओव्हरटाइम जोरात केलेला दिसतोय. खर्चही खाली आलाय. वा!" प्रांजल बोटं चालवत होता. "माणसं किती, काका? दोनच ना?"

नाथाजी पुढं झाला. "साहेब, जरा..."

शांतिनाथांनी त्याला हातानंच थांबवलं. "एक," ते म्हणाले.

प्रांजलचं लक्ष पडद्यावर होतं. त्यानं एक टाकला, बटण दाबलं, आणि त्याचा चेहरा खुलला. "हिरवं! काका, अभिनंदन. तुम्ही रिटायरमेंटला पूर्ण तयार आहात." त्यानं लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला आणि मग नाथाजीचं तोंड बघितलं. पोरगं शहाणं होतं. त्याच्या हातातलं पेन खाली पडलं.

"काका... सॉरी. मला खरंच..."

"तुजा काय दोष न्हाई, बाळा." शांतिनाथ त्या हिरव्याकडं बघत होते. मापात बसलं होतं. कुठं केसाचीही कसर नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पास झालेला जॉब उचलून भंगारात फेकावासा वाटला. "एक काम करशील? ते खोड. दोन टाक."

"काका, पण..."

"टाक रं. बगू दे मला."

प्रांजलनं एकाचं दोन केलं. पडदा तांबडा झाला. वर्ष थोडं पुढं सरकलं होतं, पण तांबडं ते तांबडंच. शांतिनाथांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला, आणि त्या तांबड्या ओळीवर बोट ठेवून ते नाथाजीला म्हणाले,

"ह्ये बग. ह्यात चौऱ्याहत्तरपत्तूर आमी दोघं हाय."